पहाटेचा तास

"...पण गोळी सोडायला सांगितली, ती तुमच्याच सांगण्यावरून ना, आक्का?"

एवढं विचारून कल्याणीने मान खाली घातली. आपण जरा जास्तच मोठ्याने बोललो, असं तिला वाटलं असावं.

गोदाक्का ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात चालूच राहिला.

"कुठली गोळी?"

"थायरॉइडची."

"मी सांगितलं?"

"म्हणजे... भालचंद्रसरांनी सांगितलं. पण आक्कांचा मार्गच तसा आहे, असं ते म्हणाले."

आता हात थांबला.

आजऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी गोदाक्कांचा मठ आहे. मठ आपला म्हणायचा. दोन-चार खोल्या, एक लांब ओसरी, आणि सगळ्या खोल्या मिळून होतील त्याहून मोठं स्वयंपाकघर. आक्का ऐंशीच्या घरातल्या. रोज सकाळी डोंगरावरच्या देवळापर्यंत चालत जाऊन येतात. नाचणीची आंबील, पालेभाजी, उसळ, ताक असं साधं जेवतात आणि दिवेलागणीनंतर फार वेळ जागत नाहीत. उपदेश तर जवळजवळ करतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या वतीने करणारे पुष्कळ झाले आहेत.

त्यांतला पहिल्या नंबरचा म्हणजे भालचंद्र.

भालचंद्र आधी कोल्हापूरला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. वेळी-अवेळी खाऊन, जागून, चिडून पोटाची पार वाट लावून मठात आला आणि इथल्या जेवणाने सुधारला. माणूस वाईट नव्हे. फक्त स्वतःचा आवाज त्याला फार गोड लागतो. आपण बरे झालो, तर जग का होणार नाही, असं त्याने मनावर घेतलं आणि शिबिरं सुरू केली. अलीकडचं त्याचं गाजलेलं शिबिर थायरॉइडचं. लोक निपाणी-बेळगावहून यायचे.

कल्याणी नेसरीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. ती त्या शिबिराला येऊन गेली होती. आज सासूला घेऊन आली होती.

सासू हौसाबाई. पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतका वेळ गप्प होत्या, पण आता त्यांना राहवेना.

"आक्का, माज्या सुनेला तिसरा म्हयना हाय. पयलं पोटातच गेलं. लई रडली हो पोर. मग तपासण्या झाल्या, तवा कळलं थायरॉइट हाय म्हनून. गोळी चालू केली, जरा अंग धरलं, तर ह्या सरांनी बंद करायला लावली. आन आता दिवस गेल्यात. ह्ये तरी ऱ्हावं, एवढंच मागनं हाय."

"शिबिराला आले तेव्हा दिवस नव्हते," कल्याणी हळूच म्हणाली. "नंतर राहिले."

"आता कसं वाटतं?"

"थंडी वाजते. उन्हात बसले तरी. फळ्यावर लिहायला हात वर केला की जड होतो. केस विंचरताना मुठीने येतात. रात्रभर झोपते, तरी सकाळी थकलेलीच असते."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

कल्याणी ओसरीवर सांडलेली टरफलं गोळा करू लागली.

"सांगितलंस का, पोरी?"

"गोळी चालू आहे ना, असं त्यांनी विचारलं... मी हो म्हटलं. रागावतील म्हणून."

आक्कांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. न सोललेलीच टाकली.

तेवढ्यात परसातून भालचंद्र आला. काखेत माठाच्या जुड्या होत्या. कल्याणीला बघून त्याला आनंद झाला.

"अरे वा! या, या. गोळी सुटली ना पूर्ण?"

"सुटली, सर."

"छान. थोडा त्रास होईल. थंडी, थकवा, केस. घाबरायचं नाही. इतक्या दिवसांचं रसायन साठलेलं असतं, शरीर ते बाहेर टाकतं."

"पोटात ल्येकरू असताना काय भाईर टाकतंय?" हौसाबाईंनी विचारलं.

भालचंद्रचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. पण उत्तर नसताना गप्प बसायची त्याला सवय नव्हती.

"उलट... उलट चांगलंच आहे. शुद्ध शरीरात शुद्ध गर्भ."

"बस खाली," आक्का म्हणाल्या.

तो बसला.

"शिबिरात काय सांगतोस ते मला सांग. मी कधी ऐकलेलं नाही."

भालचंद्रची छाती फुगली. आक्कांनी आजवर एकदाही विचारलं नव्हतं. त्याने जुड्या बाजूला ठेवल्या आणि मांडी नीट घातली.

"मुख्य साधन म्हणजे पहाटेचा तास. उजाडायच्या आधी उठायचं. तांब्याचं भांडं भरून पाणी प्यायचं. पूर्वेला तोंड करून बसायचं. मग तासभर मौन. अन्न नाही, चहा नाही, दूधसुद्धा नाही. त्या तासात गळ्यातली ग्रंथी स्वतःच स्वतःला दुरुस्त करते. त्यानंतर नाचणीची आंबील. दिवसभर साधं जेवण, सैंधव मीठ, कोबी-फ्लॉवर अजिबात नाही, रात्री लवकर झोप. एवढं केलं की गोळीची गरज उरत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, आक्का."

"कधी?"

"सांगितलं नाही. जगून दाखवलंत!"

हे वाक्य तो प्रत्येक शिबिरात म्हणायचा आणि तिथे टाळ्या पडायच्या. ओसरीवर कोणी टाळी वाजवली नाही.

आता यामागची हकीकत अशी. बऱ्याच वर्षांपूर्वी आक्का फार आजारी पडल्या होत्या. भर मे महिन्यात घोंगडी पांघरून पडून असत. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत येताना वाटेत बसायची वेळ यायची. रोजच्या माणसांची नावंही आठवेनाशी झाली. आक्का काही आता राहत नाहीत, असं लोक बोलू लागले होते. कोणीतरी त्यांना मिरजेला नेलं. परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून पाणी पिऊ लागल्या आणि तासभर गप्प बसू लागल्या. हळूहळू सूज उतरली, आवाज फिरला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या डोंगर चढल्या.

मिरजेला काय झालं, हे कोणी विचारलं नाही. पहाटेचा तास मात्र सगळ्यांनी उचलला.

आधी एक जण शेजारी जाऊन बसला. त्याचं बघून दुसरा बसला. एकाने तांब्याचं भांडं आणलं, मग सगळ्यांनी आणलं. एकाने डोळे मिटले, तर उघडे ठेवणाऱ्यांना लाज वाटायला लागली. भालचंद्र आला तोवर ही मठाची रीतच झाली होती. त्याने तिला फक्त शास्त्र जोडलं.

"पूर्वेला तोंड का करायचं?" आक्कांनी विचारलं.

"उगवत्या सूर्याचे किरण थेट गळ्यावर..."

"माझ्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे."

"...हो. पण..."

"आणि मौन?"

"वाणीचा उपास."

"उपाशी पोटी मला बोलायला नको वाटतं."

"डोळे मिटणं म्हणजे ध्यान..."

"डुलकी लागते रे."

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. कल्याणीला मात्र हसू आलं नाही. ती आक्कांच्या तोंडाकडे बघत होती.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आत गेल्या. देवाच्या कोनाड्यातून काहीतरी उचलल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी भालचंद्रचा हात धरला आणि तळव्यावर एक छोटी पांढरी बाटली ठेवली.

"वाच."

भालचंद्रने वाचलं. एकदा मनातल्या मनात. मग परत एकदा.

"मोठ्याने वाच. शिकवायचास ना?"

त्याने औषधाचं नाव वाचलं.

कल्याणीने चटकन पर्स उघडली. तिची बंद केलेली गोळी अजून पर्समध्येच होती, टाकून द्यायचा धीर झाला नव्हता. तिने आपली बाटली त्या बाटलीशेजारी धरली. नाव तेच. आकडा तेवढा वेगळा.

परसात कोंबडी उकरत होती, तिचा आवाज येत होता.

"आक्का... तुम्ही गोळी घेता?" भालचंद्रने विचारलं.

"रोज."

"कधीपासून?"

"मिरजेहून आल्यापासून."

"मग ते पाणी?"

"गोळी नुसती कशी गिळू?"



"आणि तो... तो तास?"

"तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी घ्या. नुसत्या पाण्याबरोबर. चहा-दुधाबरोबर नको. नंतर तासभर काही खाऊ नका, नाहीतर अंगी लागणार नाही. मला सकाळी भूक लागते. स्वयंपाकघरात गेले तर हात डब्यात जाईल, म्हणून खोलीत बसून राहायचे."

"फक्त... एवढंच?"

"एवढंच."

भालचंद्रचा चेहरा लाल झाला. आधी शरमेने, मग रागाने. रागाला वाट लवकर सापडते.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत? इतकी माणसं बसतात. इतकी वर्षं! मी शेकडो लोकांना सांगितलं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर..."

"बाटली देवाच्या कोनाड्यात असते. उघड्यावर. तूच तिथली फुलं बदलतोस."

"मला वाटलं, कुणा भक्ताची राहिली असेल."

"विचारलं नाहीस."

"तुम्हाला काय विचारायचं, आक्का? तुम्हाला गोळी लागेल, असं वाटलंच नाही कधी."

"हं."

आक्का खाली बसल्या. शेंगांची टोपली बाजूला सारली.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "पोरं पाणी पितायत, गप्प बसतायत. मला वाटलं, बसू देत. पाण्याने कुणाचं वाईट होत नाही. लवकर उठतील, चहा कमी होईल. त्याचं पुढे काय होतंय, हे बघायला मी शिबिरात एकदा तरी येऊन बसायला हवं होतं. नाही आले. आळस केला. त्याचं मला वाईट वाटतंय."

असं त्यांनी सरळ सांगितलं. आवाज खाली केला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. शिष्यासमोर चूक कबूल करताना लोक जी प्रस्तावना करतात, तीही केली नाही.

कल्याणीला मात्र आता आवरेना.

"मग मी काय केलं हो हे? पहिल्या वेळी कळत नव्हतं. या वेळी तर गोळी हातात होती. माझ्या हाताने बंद केली मी. बाळाचं काय केलं मी, आक्का?"

हौसाबाईंनी तिला जवळ ओढलं. "गप. गप बाई. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

भालचंद्र धडपडत उठला. त्याने हातातल्या आक्कांच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि एक गोळी तळव्यावर काढली.

"आत्ता घ्या. लगेच घ्या. मी पाणी आणतो. दोन घ्या, म्हणजे राहिलेलं..."

आक्कांनी त्याचं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या हातात एवढं बळ असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"ते माझं माप आहे."

"पण औषध तर तेच..."

"तुझी एक चूक ती भोगते आहेच. दुसरी नको." त्यांनी गोळी परत बाटलीत टाकली. "गडहिंग्लजची गाडी कधी आहे?"

"आता येईल. पण आक्का, तुम्ही कशाला? मी रिक्षा बघतो, त्यांना घेऊन..."

"तू येतोयस. मीही येतेय. माझी चप्पल दे."

एसटीत आक्का आणि कल्याणी शेजारी बसल्या. हौसाबाई मागच्या बाकावर. भालचंद्र जागा असूनही उभा राहिला. बसायची आपली लायकी नाही, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं असावं. कंडक्टरने दोनदा सांगितलं, "पाव्हनं, बसा की, जागा हाय." शेवटी आक्का म्हणाल्या, "बस रे. उभं राहून कुणाला काय उपयोग?" तो बसला.

गडहिंग्लजला कल्याणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गर्दी होती. नंबर लागेपर्यंत कल्याणी पोटावर हात ठेवून बसली होती. समोर भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, तिकडे ती बघत नव्हती.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली.

"काय म्हणतेस? गोळी नियमित ना?"

कल्याणीने पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली.

आक्कांनी भालचंद्रकडे बघितलं. फक्त बघितलं.

"मी बंद करायला सांगितली," भालचंद्र म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "आपण कोण?"

स्वतःची ओळख सांगायला भालचंद्रला एरवी बराच वेळ लागत असे. शिबिरात तर माइक हातात आल्यावर ओळख संपेपर्यंत मागच्या रांगेतले लोक चुळबूळ करायचे.

"मी... शिबिरं घेतो. आहाराची. माझं ऐकून यांनी गोळी सोडली. तेव्हा दिवस नव्हते. यांची काही चूक नाही."

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या. त्या खूप काही बोलू शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी नर्सला हाक मारली आणि कल्याणीला पलंगावर झोपायला सांगितलं.

मशीनचा पडदा भिंतीकडे होता. हौसाबाई देवाचं नाव पुटपुटत होत्या. भालचंद्र दाराशी पाठ फिरवून उभा होता. खोलीत एसीचा आवाज तेवढा होता...

मग ठोके ऐकू आले. भराभर.

हौसाबाई रडायलाच लागल्या. कल्याणी हलली नाही. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊठ. आता नीट ऐक. रक्त आज द्यायचं. गोळी मी लिहून देते, या वेळचं माप वेगळं असेल, ते रिपोर्ट बघून परत बदलीन. बाळाची स्वतःची ग्रंथी अजून तयार होते आहे. तोवर त्याला आईकडूनच मिळायचं असतं. म्हणून आता एकही दिवस चुकवायचा नाही."

"हो."

"लोहाची आणि कॅल्शियमची गोळी घेतेस ना? ती हिच्याबरोबर नको. मधे चार तास तरी जाऊ देत. दुपारी जेवल्यावर एक, रात्री एक. घरी मीठ कुठलं?"

"सैंधव. सरांनी..."

"आयोडीनचं आणा. पाकिटावर लिहिलेलं असतं. तुला लागतं, बाळाला जास्त लागतं. आणि आणल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा."

"आमी खडं मीठ असलं की धुऊन घेतो," हौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माती असती म्हनून."

"धुतलंत तर आयोडीन मोरीत गेलं, मावशी."

"अगं बाई!"

"आंबील चालेल का हिला?" आक्कांनी विचारलं.

"चालेल की. गोळीनंतर तासाभराने. डाळ, उसळ, दूध, अंडं खात असलीस तर अंडं. कोबीची भाजी शिजवून खाल्ली तर काही होत नाही, उगाच घाबरू नका. सकाळी थोडं चालायचं, रात्री झोप पुरी करायची." डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता भालचंद्रकडे बघितलं. "जेवणाचं तुम्ही बरंचसं बरोबरच सांगत असाल. गोळीच्या जागी ते कशाला बसवलंत?"

 

"डॉक्टर," कल्याणीने विचारलं, "बाळ नीट राहील ना?"

"आज ठोके चांगले आहेत. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. मग पुन्हा बघू."

हे उत्तर कल्याणीला पुरलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

संध्याकाळी सगळे स्टँडवर आले. नेसरीची गाडी लागायची होती. हौसाबाई मिठाचं पाकीट घेऊन आल्या आणि त्यावरची अक्षरं सुनेकडून दोनदा वाचून घेतली.

भालचंद्र आक्कांशेजारी बाकावर बसला होता. दिवसभर त्याने पोटात काही घातलं नव्हतं.

"आक्का, मग सगळं खोटं का? नाचणी, चालणं, लवकर झोपणं... मी स्वतः बरा झालो ते?"

"तुझं काय बिघडलं होतं?"

"पोट."

"कशाने?"

"वेळेवर न जेवल्याने."

"आणि बरा कशाने झालास?"

"...वेळेवर जेवून."

"झालं तर. तिची ग्रंथीच थकली आहे. तिला जेवण पाहिजेच. गोळीही पाहिजे."

"मी त्या सगळ्यांना आता काय सांगू? शिबिराला आलेल्यांना?"

"एकेकाच्या घरी जा. गोळी सोडली का, विचार. सोडली असली तर डॉक्टरकडे ने. आज आलास तसाच आत जाऊन उभा राहा."

"सगळ्यांकडे?"

आक्कांनी पिशवीतून केळं काढून त्याच्या हातात दिलं.

"खा आधी."

तो खाऊ लागला. नेसरीची गाडी लागली. हौसाबाई खिडकीची जागा धरायला पुढे धावल्या. कल्याणी आक्कांच्या पाया पडली, उभी राहिली आणि गाडीकडे न जाता भालचंद्रसमोर आली.

खरं तर तिने त्याच्यावर चिडायला हवं होतं. पण माणसाला एकदा ज्याच्याकडून दिलासा मिळालेला असतो, त्याच्याकडेच तो पुन्हा मागायला जातो.

"सर... राहील ना हो बाळ?"

भालचंद्रने घास गिळला. उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. त्याचे डोळे भरले होते, आणि तिला ते उत्तर द्यावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

आक्कांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माहीत नाही, पोरी," त्या कल्याणीला म्हणाल्या. "उद्या पहाटे गोळी घे. परवा पहाटे घे. रिपोर्ट आला की मला फोन कर. मी येते."

कल्याणी मान हलवून गाडीत चढली. खिडकीतून तिने हात केला नाही. मांडीवरची औषधाची पिशवी दोन्ही हातांनी धरून ती बसली होती.

गाडी निघून गेली. भालचंद्रने केळ्याची साल हातात तशीच धरली होती.

"आक्का," तो म्हणाला, "तेवढ्यापुरता धीर द्यायला हवा होता तिला. राहील म्हणायला आपलं काय जात होतं?"

आक्कांनी त्याच्या हातातली साल घेतली आणि शेजारच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

"धीर तू दिला होतास की... शिबिरात."